हात न धरता

लहान मुलांना जिम्नॅस्टिक्स शिकवण्याच्या माझ्या कामाचा बराचसा भाग मी कानांनी करते. तीन ते पाच वर्षांची दहा-अकरा मुलं, एक हॉल, गाद्या, दोन लाकडी बॉक्स आणि जमिनीपासून वीतभर उंचीचा बीम. एकाची कोलांटउडी सांभाळत मी गुडघ्यांवर बसलेली असते आणि माझ्या पाठीमागे दुसरं कुणीतरी बॉक्सवरून उडी मारतं. ते मला दिसत नाही, ऐकू येतं. ‘धप्प’ असा एकच जड आवाज आला, की गुडघे ताठ होते आणि तळवे सपाट आदळले. ‘पट्-धप्प’ म्हणजे एक पाय आधी टेकला, दुसरा मागून आला. ‘धप्प’च्या पाठोपाठ थाप ऐकू आली तर तोल पुढे गेला आणि तळहात गादीवर आले. मी ज्याची वाट बघत असते तो आवाज जेमतेम आवाज असतो, घडी घातलेला ओला टॉवेल कुणी अलगद खाली ठेवावा तसा. तो आला की मी मागे न वळताच म्हणते, ‘छान उतरलास.’ मुलांना वाटतं, ताईच्या पाठीला डोळे आहेत.

‘उतरलास’ हा शब्द मी ठरवून वापरते. उडी सुरू करायला आपल्याकडे किती क्रियापदं आहेत. उडी मारतात, घेतात, टाकतात, ठोकतात. ती संपवायला मात्र एकही खास शब्द नाही. मारलेली उडी आपली आपण संपते असं आपण धरूनच चालतो. मोठ्या मुलांना ‘लँडिंग’ पुरतं. चार वर्षांच्या मुलाला ‘लँडिंग कर’ म्हटलं तर तो नुसता बघत राहतो. ‘उतर’ म्हटलेलं त्याला लगेच कळतं. जिना उतरणं त्याला ठाऊक असतं, कडेवरून उतरणं ठाऊक असतं, आपला ताप उतरला हेही त्यानं ऐकलेलं असतं. उतरणं सावकाश असतं आणि त्याला शेवट असतो. मला हवं असलेलं सगळं त्या एका शब्दात आहे.

पण हे मला फार उशिरा समजलं, आणि समजलं ते माझ्याच मुलीच्या हातामुळे.

ती तेव्हा अडीच वर्षांची होती. मी आठ-दहा वर्षांच्या मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवायचे, त्यामुळे लहान मुलं कशी पडतात, कशी सावरतात हे आपल्याला माहीत आहे अशी माझी समजूत होती. आमचा एक खेळ होता. ती दुसऱ्या पायरीवर उभी, मी खाली, तिचे दोन्ही पंजे माझ्या मुठीत. ‘एक, दोन, तीन, हुप्प!’ म्हटलं की ती उडायची आणि मी तिला हातांनीच वर झेलून हळूच जमिनीवर ठेवायचे. पुन्हा. पुन्हा. सातव्या की आठव्या खेपेला ती हवेत जरा तिरकी झाली, तिचा एक हात माझ्या मुठीतून सुटला आणि क्षणभर ती दुसऱ्या हातावर लोंबकळली. मग रडू. रडू थांबलं तरी डावा हात ती अंगाला चिकटवूनच बसली. खेळणं पुढे केलं तर उजव्या हातानं घ्यायची. सूज नाही, खरचटलेलं नाही. माझ्या पोटात गोळा आला होता.

डॉक्टरांनी तिचा कोपर एका हातात धरला, दुसऱ्या हातानं तळहात फिरवून कोपर दुमडला. बोटाखाली जाणवावी एवढीच ‘टक्’ झाली. दहा मिनिटांनी तीच मुलगी डाव्या हातानं भिंतीवरचं घड्याळ दाखवत होती. डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. कोपराजवळ रेडियस नावाच्या हाडाचं डोकं अंगठीसारख्या एका अस्थिबंधात बसलेलं असतं. लहान वयात तो अस्थिबंध सैल असतो. सरळ हाताला वरून हिसका बसला, की तो हाडावरून सरकतो आणि सांध्यात अडकतो. ‘पुल्ड एल्बो’ म्हणतात त्याला. एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये हे नेहमी दिसतं. पाचव्या वर्षानंतर अस्थिबंध जाड होत जातो आणि हा प्रकार दुर्मीळ होतो. ‘हाताला धरून उचलू नका, काखेत धरा,’ ते म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर कितीतरी दिवस मी दुसरं काही बघूच शकत नव्हते. बागेत, जिन्यावर, बसच्या दाराशी, जिथे जिथे लहान मूल खाली उडी मारत होतं, तिथे तिथे वरून एक मोठा हात आलेला होता. मी मुलांकडे निरखून बघू लागले. हात वर ओढलेले म्हणून खांदे कानांना लागलेले. गुडघे सरळ, कारण वाकवायची गरजच नाही. पायाची बोटं खाली ताणलेली, जमीन चाचपडणारी. आणि डोळे वर, धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे. उतरताना जे जे करायचं त्याच्या बरोबर उलट सगळं. शिवाय सगळ्यात मोठी गोष्ट वजनाची. निम्मंअधिक वजन मोठ्या माणसाच्या खांद्यातच राहतं. अशा शंभर उड्या मारलेल्या मुलाला स्वतःचं पूर्ण वजन अजून एकदाही भेटलेलं नसतं. मग एक दिवस कुणाचं लक्ष नसताना ते एकटंच उडी मारतं, आणि तेव्हा भेटतं.

हात धरण्यात माया असते, हे मला मान्य आहे. ती मायाच माझ्या मुलीच्या कोपरात अडकली होती.

लहान मुलांच्या बॅचला शिकवायला लागले तेव्हा मी पहिला नियम हाच केला. मनगट धरायचं नाही, बोटं धरायची नाहीत. आधार द्यायचा तो कमरेला, एक हात पोटावर आणि एक पाठीवर. शरीराचा मध्य जिथे आहे तिथे आधार असला की मुलाचे हात मोकळे राहतात, डोळे समोर राहतात आणि वजन पायांवर येतं. मग आठवड्यागणिक तो आधार पातळ करत न्यायचा. आधी दोन्ही तळवे, मग नुसती बोटं, मग अंगाला न लागणारे पण तिथेच असणारे हात, मग गुडघ्यांवर बसलेली मी, हातभर लांब. काही मुलांना हे चार आठवड्यांत जमतं, काहींना सात-आठ महिने लागतात. माझ्या मते यात घाई करणारा शिक्षक या वयासाठी चुकीचा.

आता थोडं गणित, कारण मला हे खरं पटलं ते गणितानंच. मूल ५० सेंटीमीटरवरून खाली आलं, की टेकतानाचा त्याचा वेग ताशी साधारण ११ किलोमीटर असतो. तो वेग कुठेतरी शून्य व्हायलाच हवा. गुडघे ताठ ठेवून शरीर ५ सेंटीमीटरमध्ये थांबलं, तर थांबतानाचं सरासरी बल त्याच्या वजनाच्या ११ पट येतं. तेच २५ सेंटीमीटरमध्ये थांबलं, तर ३ पट. १६ किलोच्या मुलासाठी पहिला भार १७६ किलोंचा, दुसरा ४८ किलोंचा. उंची तीच, मूल तेच. मधे वीतभर वाकणं तेवढं आलं. झोपलेल्या बाळाच्या खोलीचं दार लावताना आपण काय करतो? दार सोडून देत नाही. मूठ धरून शेवटच्या बोटभर अंतरापर्यंत त्याच्याबरोबर जातो. उतरताना गुडघे, घोटे आणि नितंबांचे स्नायू तेच करतात. वजनाला धरून खाली पोहोचवतात.

आणि लहान मुलांच्या बाबतीत त्या भाराचं महत्त्व वेगळं आहे. त्यांच्या लांब हाडांच्या टोकांशी वाढीच्या कूर्चेचा एक थर असतो. हाड लांबतं ते तिथून. तो थर आजूबाजूच्या अस्थिबंधांहून कमजोर असतो, त्यामुळे मोठ्या माणसाचा घोटा नुसता मुरगळेल अशा ठिकाणी मुलाची ती कूर्चा दुखावू शकते. म्हणून बॉक्सची उंची मुलाच्या गुडघ्यापर्यंतच, आणि ज्यावर त्याला स्वतःला चढता येत नाही त्यावरून त्यानं उडी मारायची नाही. ‘उचलून ठेवा ना ताई’ या विनवणीला मी कधीही बधत नाही.

यातलं काहीही अर्थात मुलांना सांगायचं नसतं. चवडे आधी, टाच नंतर, गुडघे बोटांच्या रेषेत, कंबर किंचित मागे, छाती वर, हात पुढे, नजर समोर अशा सात सूचना पाव सेकंदात कुणाला पाळता येतील? आम्ही म्हणतो, ‘स्कूटरवर बसा.’ बस्स. हँडल धरायला हात पुढे येतात, बसायला गुडघे वाकतात, रस्ता बघायला मान वर होते. मग ‘ब्रेक!’ म्हटलं की स्टॅच्यू. एक, दोन, तीन मोजेपर्यंत हलायचं नाही. या तीन आकड्यांसाठी मी फार हट्टी आहे. मुलांची सवय अशी, की पाय टेकायच्या आत त्यांचं मन पुन्हा रांगेत धावलेलं असतं. उडी अर्धीच राहते आणि शरीर निघून जातं. तीनपर्यंत थांबलेल्या मुलाला आपले पाय कुठे आहेत, वजन डावीकडे आहे की उजवीकडे, हे कळायला वेळ मिळतो.

पूर्वी मी ‘बेडकासारखं बसा’ म्हणायचे. ते सोडून दिलं. बेडूक म्हटलं की मुलं पार खाली जातात, आणि इतकं खाली गेलं की गुडघा येऊन हनुवटीला लागतो. दात जिभेवर बसतात. खूप वाकणं म्हणजे चांगलं वाकणं हा समज मोठ्या मुलांमध्येही असतो, त्याला एक कारण जिम्नॅस्ट दीपा कर्माकर आहे. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमधली तिची प्रोदुनोव्हा व्हॉल्ट, म्हणजे धावत येऊन टेबलावर हात टेकून घेतलेली उडी, सगळ्यांनी बघितलेली असते. पुढच्या दिशेनं हवेत दोन गिरक्या, त्यामुळे टेकायची जमीन शेवटपर्यंत नजरेत येत नाही. ती उतरली तेव्हा बैठक गादीला लागते की काय इतकी खाली गेली. दोन उड्यांची सरासरी १५.०६६ गुण, चौथा क्रमांक, कांस्यपदक ०.१५० नं हुकलं. मला ती उडी अजूनही श्वास रोखून बघावी लागते. पण ती खोली वर्षानुवर्षं कमावलेल्या पायांची आहे. तेवढ्या खालून सावरून उभं राहायला जी मांडी लागते ती साडेतीन वर्षांच्या मुलाकडे नसते, नसायलाही हवी.

सगळ्यात गुणी सूचना मला आवाजाची वाटते. ‘गुडघे वाकव’ म्हटलं की मूल उडी मारायच्या आधीच गुडघ्यांकडे बघतं, मान खाली जाते आणि तोल पुढे. ‘आवाज होऊ देऊ नकोस’ म्हटलं की कुठं बघायचं हा प्रश्नच उरत नाही, शरीर आपला मार्ग शोधतं. मोठ्या खेळाडूंवरही हे तपासून झालं आहे: टेकण्याचा आवाज ऐकत हळू उतरायला सांगितलं, की जमिनीकडून परत येणारा दणका कमी होतो. आम्ही गादीच्या कडेला एक कापडी बाहुली निजवतो. ती जागी झाली नाही पाहिजे. बाहुली जागी झाली का हे ठरवायला एक मूल तिच्याजवळ कान लावून बसतं, आणि या कामासाठी मुलांची जितकी मारामारी होते तितकी उडी मारण्यासाठीही होत नाही.

शब्दांवरून आठवलं. ‘पडशील!’ हा शब्द मी हॉलमधून हद्दपार केला आहे. शब्दात वाईट काही नाही, पण तो ऐकल्यावर मूल काय करतं ते एकदा बघा. बीमवर नीट चाललेलं मूल मान वळवून बोलणाऱ्याकडे बघतं. मान वळली, की खांदा वळतो. खांदा वळला, की पाऊल चुकतं. आणि बोलणारा म्हणतो, ‘बघ, सांगितलं होतं ना!’ त्याऐवजी ‘पुढचा पाय कुठे?’ असं विचारलं तर डोळे पायाच्या पुढच्या लाकडावर राहतात. काळजी तितकीच आहे, फक्त ती पायांपर्यंत पोहोचते.

मुलं पडतात किती, याचा हिशेब मानसशास्त्रज्ञ कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आहे. १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळेपणी खेळताना त्यांनी बघितली. तासाला सरासरी २३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. २०१२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. सतरा वेळा पडूनही मूल खेळत राहतं, कारण ते बुटकं आणि हलकं असतं, जमीन जवळ असते. त्यांचंच आणखी एक काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. उतारावर रांगणारी अनुभवी बाळं फार तीव्र उतार असेल तर कडेला थांबतात, जात नाहीत. तीच बाळं चालायला लागली, की त्याच उतारावर बेधडक पाऊल टाकतात आणि गडगडतात. रांगताना मिळालेलं शहाणपण चालणाऱ्या पायांना लागू पडत नाही, ते पुन्हा पहिल्यापासून मिळवावं लागतं.

हे वाचल्यावर मला माझ्या वर्गातलं एक कोडं उलगडलं. दोन महिन्यांच्या सुट्टीनंतर मूल परत येतं, आणि इतकं सुरेख उतरणारं ते मूल पुन्हा ‘धप्प’ करतं. आईवडील खजील होऊन म्हणतात, विसरला वाटतं. विसरलेला नसतो. पायच नवे असतात. उंची वाढलेली, वजन वाढलेलं, गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचं अंतर बदललेलं. आपण त्याला पुन्हा जमिनीवरूनच सुरुवात करायला लावतो, जागच्या जागी उडी, मग पातळ गादीवरून, मग बॉक्स. आता ते लवकर येतं, दोनतीन आठवड्यांत. पण त्या आठवड्यांत त्याला ‘तुला यायचं ना हे?’ असं कुणी म्हणू नये एवढी माझी विनंती असते.

एक गोष्ट लिहायचं टाळत होते, ती लिहायला हवी. माझ्या वर्गात एका मुलाचं मनगट मोडलं. बीम वीतभरच उंच. तो पुढे चालत होता, मध्येच कुणी हाक मारली म्हणून मागे सरकला आणि पाठीवर पडला. पडताना हात मागे गेला, कोपर ताठ. मुलांची हाडं लवचिक असतात, ती बऱ्याचदा आरपार मोडत नाहीत, एका बाजूनं चेपतात. ‘बकल फ्रॅक्चर’. तीन आठवडे स्प्लिंट, मग सगळं ठीक. त्याची आई मला काही बोलली नाही. पण मला त्या रात्री लख्ख दिसलं, की मी वर्षभर मुलांना फक्त ठरवून मारलेल्या उडीतून उतरायला शिकवत होते. न ठरवता पडणं शिकवलंच नव्हतं, आणि मुलं बहुतेक वेळा पडतात ती न ठरवता.

सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान बाळात एक प्रतिक्षिप्त क्रिया दिसू लागते. बाळाला धरून एकदम पुढे झुकवलं तर ते जमिनीकडे दोन्ही हात पसरतं. पॅराशूट रिफ्लेक्स. ती जन्मभर राहते. तिच्यामुळेच आपलं नाकतोंड वाचतं, आणि तिच्यामुळेच मनगट आणि कोपर मोडतात. कोपराच्या जरा वर दंडाच्या हाडाचा होणारा फ्रॅक्चर हा मुलांमधला कोपराचा सगळ्यात नेहमीचा फ्रॅक्चर, तोही बहुधा असाच ताठ हातावर पडून होतो. ही क्रिया पुसायची नाही, पुसता येणारही नाही. तिला थोडं वळण लावता येतं. पुढे पडण्यासाठी आम्ही भिंत वापरतो. भिंतीसमोर एका पावलावर उभं राहायचं, ओंडक्यासारखं पुढे कलायचं आणि तळहातांवर झेलायचं, पण कोपर मऊ. नाक भिंतीपर्यंत जाऊ द्यायचं आणि थांबवायचं. मग तेच गुडघ्यांवर बसून गादीवर.

मागे पडणं शिकण्यासाठी मी ज्युदोच्या नवशिक्यांचा वर्ग काही महिने बाजूला बसून बघितला. जिगोरो कानो यांनी १८८२ साली कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली, आणि आजही ज्युदोत फेकण्याआधी पडणं शिकवतात. त्याला उकेमी म्हणतात. ते लोक टेकताना हाताची थाप गादीवर मारतात, त्यानं दणका पसरतो. तीन वर्षांच्या मुलाला ते झेपणार नाही, त्याला मी त्यातल्या दोनच गोष्टी दिल्या. हनुवटी छातीला आणि हात पुढे. जन्मताना बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या चौथ्या भागाइतकं असतं, मोठ्या माणसाचं साधारण आठव्या. आमची मुलं मधे कुठेतरी, पण अजून डोकं जड आणि मान बारीक. म्हणून आधी डोकं वाचवायचं. हनुवटीखाली वाळूची छोटी पिशवी धरायची, स्वतःलाच घट्ट मिठी मारायची, उकिडवं बसायचं, मग बसायचं, मग गोल पाठीवर लोळायचं. पिशवी पडता कामा नये. आता प्रत्येक वर्गाची सुरुवात याच खेळानं होते, उडीच्याही आधी. मुलं खिदळत पडतात. त्या मुलाचं मनगट मला दर वेळी आठवतं.

पालक विचारतात, गादी आहे ना खाली, मग काय होणार? गादी मदत करते, पण फार मऊ, जाड गादीत पाऊल वाकडं रुतून घोटा मुरगळू शकतो, आणि मुलाला वाटतं जमीन नेहमीच अशी असते. उतरायला शिकण्यासाठी मला घट्ट गादी आणि अनवाणी पाय लागतात. मोजे घसरतात.

आणि उतरण्याचा एक प्रकार असा, की उडी मारायचीच नाही. एक मुलगी दर वेळी बॉक्सवर चढायची, कडेला उभी राहायची, खाली बघायची, मग वळून पोटावर झोपून पाय खाली सोडत उतरायची. जवळजवळ पूर्ण वर्ष. मागची मुलं कुरकुरायची. मी तिला दर वेळी तेच म्हणायचे जे उडी मारणाऱ्यांना म्हणायचे, ‘छान उतरलीस.’ २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सनं व्हॉल्टवर अडीच पिळांची उडी ठरवली होती आणि हवेत दीडच पीळ झाले. आपण हवेत कुठे आहोत हे तिला कळेनासं झालं होतं. कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नळ्या, डोळे, सांधे यांच्याकडून येणाऱ्या खबरा एकमेकींशी जुळल्या नाहीत तर जमीन कधी येणार हे जगातल्या सर्वोत्तम खेळाडूलाही सांगता येत नाही. ती पुढच्या उड्या न मारता बाजूला झाली. माझ्या वर्गातल्या त्या मुलीला स्वतःच्या शरीराविषयी जे कळत होतं ते मला बाहेरून कळणं शक्य नव्हतं. ढकलण्याचा अधिकार मला नव्हता. तिनं पहिली उडी मारली ती चौथ्या वाढदिवसानंतर, जमिनीवर ठेवलेल्या पातळ गादीवरून, बोटभर उंचीवरून. तीन आकडे मोजून उभी राहिली. बॉक्सवरून अजूनही ती पोटावरच उतरते.

यंदाच्या वर्गात एक मुलगा आहे, सव्वाचार वर्षांचा. त्याला आजोबा घेऊन येतात. पहिल्या दिवशी ते बॉक्सपाशी येऊन उभे राहिले आणि नातवाचं मनगट त्यांनी जे धरलं ते सोडेनात. मी त्यांना बाजूला नेऊन माझ्या मुलीच्या कोपराची गोष्ट सांगितली, सगळी. त्यांनी शांतपणे ऐकली. म्हणाले, ‘सवय आहे हो ताई, सुटत नाही.’ मी म्हटलं, ‘आजोबा, माझीही लवकर सुटली नाही.’ तेव्हापासून ते भिंतीकडेच्या बाकावर बसतात आणि वर्ग सुरू झाला की दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून ठेवतात.

नातवाला माझ्या बोटांचा आधार सुटायला पाच महिने गेले. पोटावरचा हात सुटला, पाठीवरचा सुटेना. मग पाठीवरचं एक बोट. मग नुसतं, ‘ताई, तू इथेच बस.’ मी तिथेच बसायचे.

गेल्या गुरुवारी मी बीमच्या टोकाशी एका मुलीचा पाय लाकडावर सरळ ठेवत होते. तो माझ्या मागे रांगेत होता. बॉक्सवर चढताना त्याचे गुडघे लाकडाला घासले, ते ऐकू आलं. मग काही नाही. मी वाट बघितली. मुलगी बीमवर पुढे निघाली, तरी मागून आवाज नाही. मला वाटलं, हा वर उभा राहून माझ्या येण्याची वाट बघतोय. मी वळले.

बॉक्स रिकामा होता. तो गादीवर उभा होता, हँडल धरलेलं, गुडघे वाकलेले, ओठ हलत होते. बाकावर आजोबांचे हात मांड्यांखालून निघून तोंडावर आले होते.

‘उडी मारलीस?’ मी विचारलं.

त्यानं तीनपर्यंत मोजून संपवलं, मग माझ्याकडे बघितलं.

‘कधीच.’